शेवटाकडून मागे

जेवून जागेवर आले तर स्क्रीनवर माझ्या निळ्या रेघांच्या खालून लाल रेघा डोकावत होत्या. सकाळी कुणीतरी नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. आमच्याकडे असं काही करायचं तर आधी सांगायची पद्धत नाही. सगळं उरकल्यावर एक मेल येते, आणि ती मी वाचत नाही. निळ्या रेघा माझ्या. लाल मशीनच्या, म्हणजे मी हात लावण्याआधी प्रोग्रामने स्वतःच्या अकलेने काढलेल्या. मी दुरुस्ती केली की मशीनची रेघ नाहीशी व्हायची आणि इतकी वर्षं मी समजून चालले होते की ती पुसली जाते. ती पुसली जात नव्हती, नुसती झाकली जात होती. बहुतेक ठिकाणी दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून होत्या, आणि मला जरा अभिमानच वाटला. मग पेशी क्रमांक एकशे बारापाशी नजर अडकली. माझी निळी रेघ सांगत होती की हिचा माथा आकसून वाटाण्याएवढा झालाय. लाल रेघ सांगत होती की तो होता तेवढाच आहे. मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि रेघा काढून टाकून खालचा मूळ फोटो उघडला. मशीनचं बरोबर होतं.

काय काम करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगते, फोटोंवर रेघा काढते. ऐकणाऱ्याला वाटतं विनय आहे, पण खरंच मी तेवढंच करते. माशीचं अंडं असतं, अर्ध्या मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीहून लहान. घातल्यापासून तीन तासांनी त्याच्या कवचाखाली सहा हजार पेशींचा एकच थर तयार होतो, अंगाला घट्ट बसलेल्या चादरीसारखा. सुरकुती नाही, आत-बाहेर काही नाही. मग पोटाकडच्या पट्टीतल्या पेशी अंग चोरायला लागतात. पिशवीच्या तोंडाची नाडी ओढावी तसा प्रत्येक पेशीचा माथा बारीक होतो आणि तळ फुगतो. एकीने असं केलं तर काहीच होत नाही. हजारभर पेशींनी एकदम केलं की चादरीला वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आधी उथळ खळगा, मग चर, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती सगळी पट्टी आत. बाजूच्या पेशी ताणल्या जाऊन पुढे येतात, कडा कडेला भिडते, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही की इथून कुणी आत गेलंय. आत गेलेल्यांचे पुढे स्नायू होतात. आम्ही याला घडी पडणं म्हणतो. चमकणारा रंग घालून याची फिल्म घेतात, मशीन पेशींच्या सीमा आखतं, आणि जिथे उजेड फिका पडतो, सीमा दिसेनाशी होते, तिथे मी बसते. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले आहे. प्रयोगशाळेत मला सगळे ‘डोळे’ म्हणतात. डोळ्यांना विचारा, डोळे आज रजेवर आहेत का, डोळ्यांनी चहा घेतला का. पहिल्या वर्षी हसू यायचं.

आणि डोळ्यांची एक युक्ती आहे, माझीच शोधलेली. मी फिल्म उलटी चालवते. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच दिसतात, कोण आत जाणार आणि कोण बाहेर राहणार काही पत्ता लागत नाही. शेवटी मात्र सगळं स्पष्ट असतं. म्हणून शेवटच्या चित्रात आत गेलेली पेशी पकडायची, तिला नंबर द्यायचा आणि एकेक चित्र मागे येत तिची रेघ काढायची. या पद्धतीने आठ दिवसांचं काम तीन दिवसांत होतं. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तेव्हा सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. आता नवीन येणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जातं. शेवटाकडून मागे यायचं. यात काय चूक आहे हे मला आज दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी कळलं. शेवट माहीत असला की आत गेलेली प्रत्येक पेशी पहिल्यापासून जायच्या तयारीत असल्यासारखी दिसते. उजेड फिका असतो, सीमा दिसत नसते, पण हाताला माहीत असतं की ही जाणार आहे, म्हणजे ही आकसतच असणार. हात आकसलेली रेघ काढतो. मी एकशे बाराला लबाडीने बारीक केलं नव्हतं. मी तिच्यावर उपकार केल्यासारखी ती रेघ नीट केली होती.

मग मी दुसरं अंडं उघडलं, तिसरं उघडलं, दहावं उघडलं. दर शंभरात सहा, कुठे सात, एकात नऊ. सगळीकडे लाल रेघ रुंद आणि वर माझी निळी बारीक. कपाळ टेबलाला टेकवून मी थोडा वेळ बसले. टेबलाला थंडावा होता आणि जंतुनाशकाचा वास येत होता. मागे मशीनचा पंखा गुरगुरत होता. आज संध्याकाळी सातला सरांचा लेख शोधपत्रिकेला जायचा होता, चार वर्षांच्या कामाचा. त्यातलं मुख्य वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं, ‘या पट्टीतली प्रत्येक पेशी स्वतःच्या जोराने, इतरांच्या बरोबरीने आकसते, एकही मागे राहत नाही.’ ते ‘एकही’ माझ्या रेघांवर उभं होतं. लेख गेला नाही तर प्रकल्पाला मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही तर ही खुर्ची नाही. या वयात दुसरीकडे रेघा काढायला मला कोण ठेवून घेणार होतं?

मग मी अकरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. फिल्म पहिल्या चित्रापासून सरळ लावली. एकशे बारा मध्यभागी नव्हती, कडेलाही नव्हती, कुठेतरी अधेमधे होती, नाव घ्यावं असं काही नसलेल्या जागी. भोवतालच्या सहाजणी आकसायला लागल्या. त्या एका दमात आकसत नाहीत; जरा आवळतात, थांबतात, पुन्हा आवळतात, आणि जेवढं आवळलं तेवढं सोडत नाहीत. त्यांच्या प्रत्येक आवळण्याबरोबर एकशे बाराच्या सीमा ताणल्या जात होत्या, कधी या बाजूला, कधी त्या. तिचा माथा लहान झाला नाही. उलट थोडा पसरला. तिने स्वतःहून काही केलंच नाही. शेजारणी आत वळल्या आणि त्यांच्या हातात हिच्या कडा होत्या, म्हणून हीही वळली. शेवटच्या दोन चित्रांत ती तिरपी झालेली दिसते, आणि मग दिसत नाही. मी ते पाच वेळा बघितलं. हे आधी कुठेतरी बघितलंय असं वाटत होतं, आणि कुठे ते मला सहाव्या खेपेला कळलं. मला आमचं जेवायचं टेबल आठवत होतं.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. बाबा गेले, आई चक्कर येऊन दोनदा पडली, तिने एकटीने राहणं शक्य नव्हतं, आणि तेव्हा शेंडेफळाने, म्हणजे मी, स्वतःहून सांगितलं की मी राहते आईजवळ. दादा ही गोष्ट पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. ताई सांगते तेव्हा तिचे डोळे भरतात. मीही सांगते. कुणी विचारलं, तुम्ही लग्न, दुसरं गाव, काहीच कसं नाही केलंत, तर मी खांदे उडवून म्हणते, माझाच निर्णय हो, मला कुणी भाग पाडलं नाही. माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेचं पत्र होतं. स्वतःचा प्रकल्प, स्वतःचा सूक्ष्मदर्शक, राहायला एक खोली आणि खोलीला बाल्कनी. ते पत्र मी माझ्याच हाताने फाडलं असंही गोष्टीत आहे. बारा वर्षं मी ही गोष्ट शेवटाकडून मागे सांगत आले आहे. आता स्क्रीनसमोर बसून ती सरळ लावायचा प्रयत्न केला. दुपार होती. दादा खिडकीकडे, ताई दाराकडे, आई ओट्याजवळच्या खुर्चीत, मी मधे. कपबश्या निळ्या काठाच्या. दादा म्हणाला की मुलांची शाळा आहे, आणि त्याने टेबलावरचं कोपर उचलून मांडीवर घेतलं. ताई म्हणाली की तिसरा मजला आहे गं आमचा, लिफ्ट नाही, आणि तिने खुर्ची जरा मागे घेतली. दादाने घड्याळ बघितलं. ताईने पर्स जवळ ओढली. तू राहा, असं मला कुणीही म्हटलं नाही, हे अगदी खरं आहे. प्रत्येकाने थोडं थोडं अंग काढून घेतलं, एवढंच झालं. जागा माझ्याभोवती गोळा होत गेली. यापुढचं चित्र फिकं आहे. त्यात पाण्याचा आवाज आहे. त्यानंतरचं स्पष्ट आहे: मी कपबश्या पुसते आहे आणि ताई मला मिठी मारून म्हणते आहे, ‘तू म्हणजे ना, खरंच.’ मधल्या फिक्या चित्रात मी ‘मी राहते’ असं म्हणते, हे मला कुठून माहीत? मी ते बघितलं होतं, की तिथे मी रेघ काढली होती?

चार वाजता सरांच्या खोलीत गेले. सर वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, लॅपटॉप वळवून स्वतः तीन अंडी बघितली, आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

‘किती म्हणालात?’

‘शंभरात सहा-सात.’

‘घडी पडते ना पण?’

‘पडते.’

‘पूर्ण पडते? वेळेवर?’

‘हो सर.’

‘मग त्या सहा-सात स्वतः गेल्या काय नि ओढल्या गेल्या काय, काय फरक पडतो हो?’ हे त्यांनी चिडून विचारलं नाही, खरंच विचारलं. पोट नीट तयार होतं, स्नायू होतात, अळी चालते. फरक कुणाला पडतो? ‘त्यांना पडतो,’ असं तोंडावर आलं होतं, पण ते विभागप्रमुखाला सांगण्यासारखं वाक्य नव्हतं. त्यांनी टोपण शेवटचं लावलं. ‘हे बघा, रेघा तुमच्या आहेत. मी तुमच्यावर काही लादणार नाही. तुम्ही शांतपणे विचार करा, जे म्हणाल ते मला मान्य. वाक्य बदलायचं म्हणालात तर मी लेख थांबवतो, पुढचं काय ते बघू. सातच्या आत फोन करा.’ मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, ‘फोन नाही आला तर मी हो धरतो.’

परतीच्या बसमध्ये मला तिघांच्या सीटवर मधली जागा मिळाली. खिडकीकडच्या माणसाने पाय फाकले होते आणि या बाजूच्या बाईच्या मांडीवर भलंमोठं खोकं होतं. मी नेहमीप्रमाणे खांदे आत घेऊन बसले. चार थांब्यांनंतर लक्षात आलं की खोकं आता निम्मं माझ्या मांडीवर आहे. बाई गोड हसली. मीही हसले, आणि ते खोकं माझा थांबा येईपर्यंत सांभाळलं. उतरताना मला स्वतःचा संताप आला. फोन नाही आला तर हो धरतो. दादासुद्धा रोज सहाला फोन करून विचारतो, ‘सगळं ठीक ना?’ आणि मी हो म्हणायच्या आत म्हणतो, ‘चला, बरं झालं.’ जगात नाही म्हणायला किती कष्ट पडतात. हो आपोआप होतं, नुसतं गप्प राहिलं तरी पुरतं.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, वॉकर शेजारी, दिवा न लावता. आता ती एकोणऐंशीची आहे. गुडघे गेलेत, उजवा हात धड चालत नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे. ‘उशीर केलास,’ म्हणाली. ‘उशीर नाही झाला, रोजचीच वेळ आहे.’ ‘मग दिवस लहान झाला असेल.’ मी दिवा लावला, फोन ओट्यावर चार्जिंगला लावला, तिला दूध-ब्रेड कुस्करून दिला. साडेसहा झाले होते. दादाचा फोन येऊन गेला, सगळं ठीक निघालं. ती सावकाश खात होती आणि मी तिच्या समोर बसले होते, त्याच टेबलाशी, मधल्या जागेवर.

‘आई, त्या दिवशी मी काय म्हणाले होते?’

‘कुठल्या दिवशी?’

‘बाबा गेल्यावर. दादा-ताई आले होते, आपण सगळे इथे बसलो होतो.’

आईने चमचा खाली ठेवला. टेबलावर सांडलेला ब्रेडचा चुरा डाव्या हाताच्या बोटाने एका जागी गोळा करायला लागली. ‘त्या दिवशी कपबश्या निळ्या काठाच्या काढल्या होत्या,’ म्हणाली.

‘कपबश्या मला माहीत आहेत. मी काय म्हणाले?’

‘आज हे कुठून काढलंस?’

‘सांग ना.’

चुऱ्याचा ढीग झाला. तिने तो पुन्हा पसरला. ‘नाही,’ आई म्हणाली.

मला वाटलं ती मला सांगायला नाही म्हणते आहे. मग तिने वर बघितलं. ‘नाही म्हणालीस तू. “मला नाही जमायचं, मला जायचंय,” असं म्हणालीस. हळू म्हणालीस, तुझा आवाज तेव्हाही एवढासाच. पण म्हणालीस.’

‘मग?’

‘मग मी उठले आणि नळ सोडला. कप धुवायला घेतले. तेव्हा उठता येत होतं मला.’ तिने चुरा पुन्हा गोळा केला. ‘मोठा सोडला नळ.’

‘तू ऐकलं होतंस?’

‘सगळ्यांनी ऐकलं होतं. नळ सोडल्यावर सगळ्यांना बरं पडलं. कप धुऊन मी वळले तेव्हा ताई तुझं कौतुक करत होती.’

फ्रिजचा आवाज मधेच बंद झाला आणि खोली फार लहान वाटायला लागली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि रागाच्या खालून, लाज वाटावी इतका आनंद. मी म्हणाले होते. माझ्या तोंडून निघालं होतं. बारा वर्षं मी ज्या बाईला मनातल्या मनात मेंगळट म्हणत आले, तिने तेव्हा, त्या तिघांच्या मधे बसून, नाही म्हटलं होतं. आणि ते पुसण्याचं काम आईच्या नळाने केलं त्याहून जास्त मी केलं, रोज, प्रत्येक पाहुण्यासमोर.

‘बारा वर्षांत सांगितलं नाहीस.’

‘तूच सगळ्यांना सांगत होतीस, माझाच निर्णय म्हणून. मला वाटलं, हिला असं आठवतंय तर असू दे. माझंही त्यात भलं होतं.’ आईचा आवाज कोरडा होता. ‘दादाकडे मला जायचं नव्हतं. सुनेच्या घरात मी एक दिवस टिकले नसते. तू हवी होतीस मला. त्याचं काय करणार होते मी? सांग, काय करणार होते?’

तिची बशी उचलून मी ओट्याशी गेले आणि नळ सोडला. पाणी बशीवर आपटून अंगावर उडत होतं आणि मी ती एकच बशी घासत राहिले. नाही म्हटलं होतं हे कळल्याने काही उलटं फिरणार नव्हतं. एकशे बारा आत गेली ती गेलीच. बाहेरच्या कडा केव्हाच भिडल्या. ते पत्र, ती बाल्कनीवाली खोली आता दुसऱ्या कुणाची आहे, आणि बाल्कनीत त्याचे कपडे वाळत असतील. उद्या सकाळी आईला मीच उठवणार, तिचे केस मीच विंचरणार. कदाचित मला कामावर जायचंही नसेल, मग दिवसभर आम्ही दोघीच या टेबलाशी. घड्याळात सातला आठ मिनिटं कमी होती. गप्प राहायचं, बशी पुसायची, एवढं केलं की पुरे होतं. हो धरलं गेलं असतं.

ओल्या हातानेच मी फोन उचलला आणि सरांना लावला. चार्जिंगची वायर आखूड आहे, ती ओट्यापासून लांब येत नाही. वायर काढावी एवढंही मला सुचलं नाही. सर लगेच बोलले. मी बोलायला लागले, एकशे बारा, शंभरातल्या सहा-सात, ते वाक्य, तो शब्द. माझा आवाज नेहमीसारखाच निघत होता, एवढासा.

‘हॅलो? काही कळत नाहीये,’ सर म्हणाले. ‘पाण्याचा आवाज येतोय केवढा. पाठवू ना मग?’

मागे खुर्ची सरकली. आई वॉकर धरून उठली होती. टेबलापासून ओट्यापर्यंत चार पावलं आहेत आणि तिला त्यासाठी केवढा वेळ लागतो ते मला माहीत आहे. एक पाऊल, श्वास, वॉकर पुढे, दुसरं पाऊल. मी फोन कानाला लावून तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ओट्याशी येऊन तिने वॉकर सोडला, पोट ओट्याला टेकवून तोल सांभाळला आणि डावा हात लांब केला. नळ घट्ट आहे. पहिल्यांदा फिरला नाही. दोनदा हात घसरला. तिसऱ्यांदा तिने बंद केला.

‘हां, आता ऐकू येतंय,’ सर म्हणाले. ‘बोला.’

‘सर, हो धरू नका,’ मी म्हणाले. ‘नाही.’